गाण्याला नंबर द्या, लेकराला नको

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची भाची धुळ्याहून चार दिवस आमच्याकडे जळगावला राहायला आली होती. भाची आता तिशीला आली आहे, नोकरी करते. आमची कन्या बारावीला जाणार. वयात इतके अंतर, पण दोघींचे एका गोष्टीत जमते आणि त्याच गोष्टीवरून भांडणही होते. ती गोष्ट म्हणजे आर्या आंबेकरची गाणी.

दुपारची जेवणे झाली, कूलर लावला, आणि दोघी वहीचा मागचा कागद फाडून बसल्या. आर्याची सर्वांत चांगली दहा गाणी कोणती, त्यांची क्रमवारी लावायची होती. भाचीने पहिला नंबर 'ती सध्या काय करते' या चित्रपटातल्या 'कितीदा नव्याने' या गाण्याला दिला. हा चित्रपट 2017 साली आला आणि आर्याने त्यात कामही केले होते. कन्येने तिथेच हरकत घेतली. तिच्या मते पहिला नंबर 2023 च्या 'सरला एक कोटी' मधल्या 'केवड्याचं पान तू' चा. भाची म्हणाली, "त्यात अजय गोगावले आहेत, अर्धे मार्क त्यांचे. एकटीने पेललेले गाणे वरचे." कन्या म्हणाली, "दुसऱ्याच्या आवाजाशेजारी उभे राहून आपला आवाज हरवू द्यायचा नाही, हे जास्त अवघड." आम्ही पेपर वाचण्याचे सोंग करून ऐकत होतो. दोघींचेही म्हणणे खोटे नव्हते.

खरी जुंपली ती पुढे. भाचीला यादीत 'लिटिल चॅम्प्स' मधली गाणीही हवी होती. कन्येचे म्हणणे, ती गाणी आर्याची कशी? ती आधी मोठमोठ्या गायिकांनी गाऊन ठेवलेली. आर्याने ती पुन्हा गायली, एवढेच. भाची लाल झाली. "तू तेव्हा पाळण्यात होतीस. तुला काय माहीत चौदा वर्षांची पोर काय गात होती ते!"

शेवटी कागद आमच्यापुढे आला. "मामा, तुम्हीच सांगा. तुम्ही तर परीक्षांचा हिशेब ठेवणारे माणूस."

आम्ही म्हणालो, "गाण्यांवर हवे तेवढे भांडा. पण आमच्याकडून नंबर मागू नका. नंबर देण्याच्या नादात आमच्या हातून एकदा चूक झाली आहे."

ती चूक आज वाचकांपुढे ठेवतो. आपल्या वस्त्यांमध्ये आजही अशा स्पर्धा भरतात, म्हणून सांगणे भाग आहे.

ज्यांची मुले आज मोठी आहेत त्यांना 2008 चा तो पावसाळा आठवत असेल. झी मराठीवर 'सा रे ग म प' चा लहान मुलांचा कार्यक्रम जुलैत सुरू झाला. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचे. मुले आली, गेली, आणि शेवटी पाच जण उरले. पुण्याची आर्या आंबेकर, आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. लोक त्यांना पंचरत्न म्हणू लागले.

त्या वेळी आपल्याकडे भारनियमन जोरात होते. ऐन कार्यक्रमात वीज गेली की वस्तीभर एकच ओरड उठायची. ज्या गल्लीत वीज असेल त्या गल्लीतल्या नातेवाइकाकडे माणसे धावत जायची. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसे बसत. कन्या नुकतीच जन्मली होती, तिचा पाळणा कोपऱ्यात सरकवून जागा करावी लागे.

आमच्या घराचे दोन तट पडले. जळगावचे घर कार्तिकीचे आणि धुळ्याचे घर आर्याचे. ताईची मुलगी, म्हणजे हीच भाची, तेव्हा तेरा वर्षांची. आर्या तिच्यापेक्षा वर्षभराने मोठी. आपल्याच वयाची मुलगी इतके नीटनेटके, शांतपणे गाते, याचे तिला भारी अप्रूप. आमच्या आईला मात्र कार्तिकीचा उघडा, खणखणीत आवाज आवडायचा. तिने 'घागर घेऊन' ही गौळण म्हटली तेव्हा आईला लहानपणी ऐकलेला गावचा तमाशा आणि भजन दोन्ही आठवले. धुळ्याकडची आमची आत्या त्या दिवशी घरी होती. ती हात वर करून म्हणाली, "हाई पोर भारी गास, भाऊ!" आत्याचा निकाल लागला की आमच्याकडे अपील नसे.

त्या कार्यक्रमाची एक गंमत होती. परीक्षक आकड्यात गुण देत नसत, स्वरात देत. कुणाला 'ध', कुणाला 'नी', आणि गाणे फारच वरच्या दर्जाचे झाले तर 'वरचा सा'. सकाळी ऑफिसला निघालो की चहाच्या टपरीवर चर्चा हीच. "काल त्या पोराला 'ध' देऊन अन्याय केला हो!" ज्यांनी जन्मात पेटीला हात लावला नव्हता ती माणसे सूर आणि ताल यांवर बोलू लागली. हे आम्हाला फार चांगले वाटले. रात्री धुळ्याहून फोन यायचा. भाची तिची क्रमवारी सांगायची, आम्ही आमची. दाजी ढोलकी वाजवणारे. ते मध्येच फोन घेऊन म्हणायचे, "तुमचे सगळे नंबर चूक. मागे निलेश परब वाजवतो, अमर ओक बासरी धरतो, सत्यजित प्रभू सिंथेसायझरवर आहे. एवढे लोक उभे असल्यावर पोर पडेल कशी? त्यांना आधी मार्क द्या." दाजींचे हे बोलणे आम्ही तेव्हा हसण्यावारी नेले. पुढे त्याचा अर्थ कळला.

गुण देण्याचे दुसरे साधन म्हणजे प्रेक्षकांचा एसएमएस. साध्या मेसेजपेक्षा त्याचा दर जास्त, आणि एका मोबाइलवरून एकापेक्षा जास्त पाठवता येत. भाचीने एका रात्रीत दाजींच्या मोबाइलचे सारे रिचार्ज आर्याच्या नावावर संपवले. दुसऱ्या दिवशी दाजींना कामाच्या ठिकाणी एक फोन करता येईना. ताईने तिला चांगलेच फैलावर घेतले. आम्ही जळगावकरही काही कमी नव्हतो. आम्ही कार्तिकीला किती मेसेज केले, हे पत्नीला अजून सांगितलेले नाही.

फेब्रुवारी 2009 मध्ये महाअंतिम फेरी झाली आणि कार्तिकी जिंकली. आमच्या खोलीत जल्लोष, धुळ्यात सुतक. भाची दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. "लोकांनी मेसेज केले म्हणून जिंकली, गाण्यावर नाही," हे तिचे म्हणणे. "आर्याला काय कमी मेसेज गेले?" हे आमचे. हा वाद तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी झाला असेल.

आता आमच्या चुकीकडे येतो.

दोन महिन्यांनी, एप्रिल 2009 मध्ये, जयंतीनिमित्त आमच्या वस्तीच्या मंडळाने मुलांची गायनस्पर्धा ठेवली. हवा लिटिल चॅम्प्सचीच होती. आम्ही मंडळाचे चिटणीस आणि बी.कॉम. असल्याने हिशेबनीसही. मंडळाला मंडप आणि लाउडस्पीकरचे पैसे द्यायचे होते. तेव्हा आमच्याच डोक्यातून एक कल्पना निघाली. टीव्हीवर एसएमएस असतो, आपण कूपन काढू. दोन रुपयांचे एक कूपन म्हणजे एक मत. ज्याला जितकी हवी तितकी घ्यावीत. पन्नास गुण परीक्षकांचे, पन्नास गुण कूपनांचे. ज्याची कूपने सर्वांत जास्त त्याला पुरे पन्नास, बाकीच्यांना त्या प्रमाणात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही स्वतःवर खूश झालो.

परीक्षक दोन होते. एक शाळेतले संगीत शिक्षक, दुसरे भीमगीते गाण्यात आयुष्य घालवलेले एक वृद्ध शाहीर. स्पर्धेत बारा वर्षांची एक मुलगी होती. तिची आई डाळ मिलमध्ये मजुरीला जायची, वडील नव्हते. मुलगी कुणाकडे गाणे शिकलेली नव्हती. आईबरोबर जयंतीच्या रात्री जागून जेवढे ऐकले तेवढीच शिदोरी. तिने वामनदादा कर्डकांचे गीत म्हटले. पेटीवाल्याने सूर जरा वरचा धरला होता, तरी पोर डगमगली नाही. शाहिरांनी डोळे पुसले. दोघांनी मिळून तिला पन्नासपैकी शेहेचाळीस दिले.

दुसरा एक मुलगा होता. गायला बरा, परीक्षकांचे चौतीस. पण त्याचे काका ठेकेदार. त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि कूपनांची पुस्तकेच विकत घेतली. त्याची एकूण कूपने झाली 412. त्या मुलीची 37. त्यातली बहुतेक तिच्या आईने घेतलेली. सदतीस कूपने म्हणजे चौऱ्याहत्तर रुपये, त्या बाईची जवळजवळ एका दिवसाची मजुरी.

हिशेब आम्हीच केला. मुलगा चौतीस अधिक पन्नास, चौऱ्याऐंशी. मुलगी शेहेचाळीस अधिक साडेचार, साडेपन्नास. मधे आणखी एक स्पर्धक आला आणि मुलगी तिसरी गेली. आकडेमोडीत चूक एका पैशाची नव्हती. आम्ही माइकवर निकाल वाचला.

मंडप उतरवताना ती मुलगी आमच्याजवळ आली. तिने विचारले, "दादा, माझे कुठे चुकले?"

उत्तर आमच्या खिशात होते. घडी घालून ठेवलेल्या गुणतक्त्यावर शेहेचाळीसचा आकडा होता. एवढेच म्हणायचे होते की, बाई, तुझे कुठेच चुकले नाही, आमचे चुकले. पण ठेकेदार काका शेजारीच उभे होते आणि मंडपाचे पैसे त्यांच्याच कूपनांतून फिटणार होते. आम्ही म्हणालो, "पुढच्या वर्षी आणखी तयारी कर."

पुढच्या वर्षी ती आलीच नाही. नंतरही कधी स्टेजवर चढली नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत जो इशारा दिला तो आम्ही सभांमधून कितीदा सांगितला असेल. राजकारणात एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताचे मोल सारखे. पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात हे समान मोल आपण नाकारत राहिलो तर ती विसंगती लोकशाहीलाच उडवून देईल, असा त्याचा आशय. आणि त्याच बाबासाहेबांच्या जयंतीच्या मंडपात आम्ही मत दोन रुपयांना विकले होते. ज्याच्या खिशात 412 कूपनांचे पैसे त्याची मते 412. टीव्हीवाले त्यांच्या धंद्याच्या हिशेबाने चालतात. आम्हाला कुणी सांगितले होते त्यांची नक्कल करायला?

दाजींचे बोलणेही तेव्हा उमगले. आर्याच्या आई श्रुती आंबेकर स्वतः शास्त्रीय गायिका आणि तिच्या गुरू. कार्तिकीला वडील कल्याणजी गायकवाड यांच्याकडून घरातच तालीम. त्या मुलांच्या मागे घर उभे होते, गुरू उभा होता, उत्तम वादक उभे होते. यात त्या मुलांचे काही कमी होत नाही, मेहनत त्यांचीच. पण आपल्या वस्तीतल्या पोरीच्या मागे कोण उभे होते? वर सूर धरणारा पेटीवाला आणि दोन रुपयांचे कूपन घेऊन आम्ही.

2010 च्या जयंतीपासून आम्ही कूपन बंद केले. मंडळात खडाजंगी झाली, मंडपाचा खर्च कोण देणार म्हणून. वर्गणी घरोघर फिरून जमवली, थोडी उसनवारी झाली, पण निभावले. आता मंडपाच्या तोंडाशी प्रत्येक माणसाला एक चिठ्ठी मिळते. म्हातारीला एक, ठेकेदाराला एक, शाळेतल्या पोराला एक. त्या चिठ्ठीवर मुलाचे नाव नाही, आवडलेल्या गाण्याचे नाव लिहायचे. त्या रात्रीचे लोकांचे आवडते गाणे कोणते, ते शेवटी जाहीर होते आणि सगळी मुले मिळून ते पुन्हा म्हणतात. चौदा वर्षांखालच्या मुलांना नंबर नाही. परीक्षक प्रत्येकाला जवळ बोलावून दोन गोष्टी सांगतात. काय चांगले झाले आणि कशाचा सराव करायचा. वही आणि एक पुस्तक सर्वांना सारखे.

म्हणून आम्ही त्या दिवशी भाचीला म्हणालो की, गाण्यांची क्रमवारी जरूर लावा. गाणे होऊन गेलेले असते, त्याला पहिला म्हणा की दहावा, ते काही रडत घरी जात नाही. उलट भांडता भांडता कान तयार होतो. कन्येने सुराची बाजू मांडली, तू एकटीने पेलण्याची. दोघींनी ती गाणी त्या दुपारी चार-चार वेळा ऐकली. पण बारा वर्षांचे लेकरू म्हणजे गाणे नव्हे. ते अजून व्हायचे असते. त्या पाच मुलांचेच बघा. रोहित तेव्हा जिंकला नव्हता, पुढे 2020 साली हिंदी 'इंडियन आयडॉल' मध्ये उपविजेता झाला. आर्या जिंकली नव्हती, आज तिच्या गाण्यांवरून आमच्या घरी भांडणे होतात. 2021 साली हेच पाच जण लिटिल चॅम्प्सच्या नव्या पर्वात परीक्षकांच्या खुर्चीवर बसले. 2009 च्या त्या एका रात्रीच्या निकालाने त्यांचे काहीच ठरले नाही. कारण त्यांना निकालानंतरही गाऊ देणारी माणसे भोवती होती.

आमच्या वस्तीतल्या पोरीचे मात्र त्या निकालाने ठरले.

ती मुलगी लग्न होऊन धुळ्याला गेली. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली. जयभीम झाला. आम्ही धीर करून विषय काढला. ती हसली. म्हणाली, "दादा, मला तेव्हाच कळले होते. कूपने मोजताना मी मागेच उभी होते. पण आईला नाही कळले. ती अजून म्हणते, तुझा सूर चुकला, नाहीतर नंबर आला असता."

हे ऐकूनही दोन वर्षे आम्ही काही केले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. भाची धुळ्याला परत निघाली त्या दिवशी तिला बसस्टँडवर सोडताना तिने बसच्या खिडकीतून विचारले, "मामा, तो गुणतक्ता आहे का अजून?" कारकुनाच्या घरी कागद हरवत नाही. बस एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याला लागली आणि आम्ही घरी येऊन जुन्या फायली काढल्या. 2009 च्या पावतीपुस्तकांखाली तो तक्ता होता.

त्याच संध्याकाळी त्या माऊलीच्या घरी गेलो. आता तिच्याने मिलचे काम होत नाही, गुडघे गेले आहेत. "अक्का, एक जुना कागद दाखवायचा आहे," म्हणून तक्ता पुढे ठेवला. तिला वाचता येत नाही. आम्ही बोट ठेवून सांगितले. हे परीक्षकांचे गुण. हा आकडा शेहेचाळीस. बारा मुलांत यापेक्षा मोठा आकडा कुणाचाच नाही.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पोरीचा सूर चुकला नव्हता?"

"नाही अक्का. गाण्यात ती पहिली होती. हिशेब आमचा चुकला."

"मी तिला सोळा वर्षे बोलत राहिले, भाऊ."

यावर आम्ही काय बोलणार? तिने चहा ठेवला. निघताना म्हणाली, "हा कागद मला द्या. पोर माहेरी येईल तेव्हा तिला दाखवीन." मंडळाचे दप्तर म्हणून मूळ कागद देता येईना. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना झेरॉक्स काढून तिच्या हातात दिली. शेहेचाळीसच्या आकड्याखाली लाल पेनाने रेघ मारली आणि खाली आमची सही केली.

वाचकहो, यंदाच्या जयंतीला तुमच्या वस्तीतही मुले गातील. टेबलामागे पेन घेऊन जो कुणी बसेल त्याला आमची एवढीच विनंती आहे. लेकरू जवळ येऊन "माझे कुठे चुकले?" असे विचारील, तेव्हा खरे उत्तर त्याच रात्री द्या.